फसफस गाळणारी डबी

९ सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा एक रेडिओ आला. तक्रार तीच. "खरखर करतोय."

खरखर म्हणे! साऱ्या बंदराकडे मिळून हा एकच शब्द. खरखर विजेची असते, मोटरची असते, सैल तारेची असते. ती तुटक येते, जाते. हा आवाज तुटत नाही. सोड्याची बाटली उघडावी आणि तिची फसफस संपूच नये, तसा. आलेला प्रत्येक सेट मी उघडून पाहिला. एकातही दोष नाही. म्हणजे दोष हवेत आहे.

आणि तो कुणाचा ते मला ठाऊक आहे. टेकडीवरच्या रेडिओ स्टेशनने गेल्या महिन्यात डिजिटल सुरू केलं. जाहिरात काय, फलक काय — आवाज काचेसारखा, फक्त नवा सेट घ्या! त्यांच्या जागेला अगदी चिकटून, काटा केसभर सरकवला की, किनाऱ्याचं हवामानाचं स्टेशन लागतं. ते लांबचं. आवाज मुळातच अशक्त. शेजाऱ्याने भिंतीपलीकडे दिवसभर गिरणी चालवावी आणि आजारी माणसाने अलीकडे पाणी मागावं, अशी गत झाली आहे.

माझा धाकटा भाऊ बोट लावून सरळ दुकानात आला. अंगाला डिझेलचा वास, तोंडात शिव्या. परवा भर समुद्रात शिट्टी झाली. वादळाची सूचना द्यायची असली की ते स्टेशन आधी मिनिटभर बारीक, धारदार शिट्टी वाजवतं. इंजिनाच्या धडधडीत माणसाचं बोलणं कुणाला कळतंय? शिट्टी मात्र कळते. ती ऐकली की माणूस हातातलं काम टाकून रेडिओला कान लावतो. तसा यानेही लावला. "दादा, शिट्टी चोख. पण मग तो बाबा जे बोलला त्यातलं एक अक्षर कळलं असेल तर शपथ." सगळ्या बोटी जाळी गुंडाळून परत. किनाऱ्यावर येऊन कळलं, वादळ पार दुसऱ्या टोकाला होतं.

फुकट गेलेल्या फेरीचं एक वेळ सोडा. पण असं दोनदा-तीनदा झालं की शिट्टीवर कुणी परत फिरणार नाही. आणि मग जेव्हा खरंच येईल तेव्हा?

११ सप्टेंबर, बुधवार

टेकडीवर जाऊन आलो. इस्त्रीचा शर्ट घालून.

बराच वेळ बाकड्यावर बसवून ठेवलं. मग एक इंजिनियरबाई आल्या. वय माझ्या भाचीएवढं. मी तक्रार व्यवस्थित लिहून नेली होती, आकृतीसकट. त्यांनी ती वाचली. खरंच वाचली, हे मान्य करतो. म्हणाल्या, तुमचं म्हणणं बरोबर आहे, डिजिटलचा पसारा दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या हद्दीत जातो. पण नियमात बसतो. त्या वर कळवतील. वर कोण आहे ते त्यांनाही नीट माहीत नसावं.

मग विचारलंच — तुमचं शिक्षण कुठे झालं?

दुकानात, म्हटलं.

त्या हसल्या. वाईट हेतूने नसेल. पण हसल्या.

१५ सप्टेंबर, रविवार

फसफस चालू. टेकडीवरून उत्तर नाही. बर्फवाला सांगत होता, आज पुन्हा दोन बोटी उगाच परतल्या.

१८ सप्टेंबर, बुधवार

जमलं!

साधी गोष्ट आहे, आणि साधी होती म्हणूनच टेकडीवरच्या लोकांना सुचली नाही. फसफस बारीक असते, वरच्या पट्टीतली. माणसाचा आवाज जाड, खालचा. मग मध्ये गाळणी बसवायची. खालचं सोडायचं, वरचं अडवायचं. कॉइल मी हाताने गुंडाळली, दुकानात मिळते तसली ढिली नव्हे. कंडेन्सर निवडून निवडून घेतले. सगळं घशाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीत बसवलं आणि डबी सेटमध्ये.

पहिल्या गाळणीने फसफस निम्म्याहून कमी झाली. दुसऱ्या कुणी तिथेच काम थांबवलं असतं. मला अर्धवट चालत नाही. एकामागे एक अशा तीन बसवल्या. आणि मग किनाऱ्याचा तो निवेदक जणू खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी येऊन बसला. वाऱ्याची दिशा, लाटांची उंची, सगळं. शब्द न् शब्द.

हिला हाक मारून ऐकवलं. म्हणाली, कळतंय सगळं, पण गोधडीत तोंड घालून बोलतोय असं वाटतं. आवाजाची धार गेली.

धार काय चाटायची आहे? शब्द कळले की झालं.

ही म्हणाली, घशाच्या गोळ्यांची डबी बसवल्यावर त्याचा घसा सुधारायला हवा होता! आणि पदर तोंडाला लावून हसत आत गेली. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

२२ सप्टेंबर, रविवार

पहिली डबी धाकट्याच्या बोटीवर. दुसऱ्या कुणाच्या बसवली असती तर त्याने जन्मभर ऐकवलं असतं.

त्याला डबीला एक बटण हवं होतं. "दादा, कधी वाटलं तर बंद करता आली पाहिजे ना." मी नाही म्हटलं. बटण ठेवलं की उद्या कुणीतरी ओल्या हाताने नको तेव्हा दाबणार, आणि मग नाव माझं. डबी बंद केली, स्क्रूंवर लाल रंगाचा ठिपका दिला. रंग तडकलेला दिसला की कुणी हात लावला ते मला कळेल.

तो म्हणाला, "तू लहानपणी माझी सायकल पण अशीच दुरुस्त करायचास. घंटी काढून टाकायचास. म्हणे, सैल वाजते."

त्याच्या बोटीवर उभं राहून संध्याकाळचं हवामान ऐकलं. इंजिन चालू ठेवून! रेडिओजवळ कान नेला तर सगळं स्पष्ट. त्याची बायको धक्क्यावर उभी होती, तीही वर आली. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. तिने ऐकलं आणि म्हणाली, भावोजी, आता मला झोप लागेल.

यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठल्या कॉलेजात मिळतं?

२३ सप्टेंबर, सोमवार

दुकान उघडायच्या आधीच पायरीवर रेडिओ घेऊन माणसं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

इंजिनियरबाई दुकानात आल्या. स्वतः, पायी, टेकडी उतरून. समोर बर्फवाला बसला होता. त्याचा बर्फाचा कारखाना, आणि बोटमालक संघाचा अध्यक्षही तोच. त्याच्यासमोर हे घडलं ते बरं झालं.

त्यांना डबी पाहायची होती. दाखवली. सुबक काम आहे, म्हणाल्या. मग प्रश्न सुरू. कुठल्या पट्टीपासून कापते? किती उतरते? मोजलंत का? मी म्हटलं, कानाने मोजली. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे यंत्र आहे, एक डबी द्या, तासाभरात आलेख काढून देते.

आलेख! माझ्या डबीला टेकडीवरून शिक्का हवा होता की काय?

मी म्हटलं, फसफस तुमची, गाळणी माझी. गाळणीची काळजी तुम्ही करू नका. बर्फवाला मांडीवर थाप मारून हसला.

त्या हसल्या नाहीत. जाताना पायरीवर थांबल्या. "गाळणीतून जे येतं ते तुम्हाला ऐकू येईल. ती जे अडवते ते ऐकू येणार नाही. ते मोजावंच लागतं."

मी म्हटलं, ज्याला कान नाहीत त्याने मोजावं.

उत्तर झकास जमलं होतं. बर्फवाल्याने ते संध्याकाळपर्यंत साऱ्या धक्क्यावर सांगितलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

आता मला 'डबीवाले' म्हणतात. चालेल. ज्याने त्याने आपल्या हाताच्या कामाने ओळखलं जावं.

बंदरातल्या जवळजवळ सगळ्या बोटींवर डबी आहे. राहिला तो एक चिक्कू म्हातारा. त्याला सामानाचे पैसेसुद्धा द्यायचे नाहीत. म्हणतो, मला फसफशीची सवय झाली. राहू दे. दुकानातल्या माझ्या स्वतःच्या सेटलाही एक बसवली. काम करताना बाजूला बोलत असतो बिचारा, हळू, समजूतदारपणे.

उगाच परत येणं थांबलं. पंधरवड्यात एकदाही नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

समुद्र तळ्यासारखा. धाकटा आणि धाकटी जेवायला होते. त्याने मासळीबरोबर एक जुनी सायकलची घंटी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. "ही सैल नाहीये. बघ वाजवून." ही हसून हसून बेजार. मी वाजवली. खरोखर सैल नव्हती.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारनंतर वारा फिरला. आकाश एका बाजूने शिळ्या जखमेसारखं झालं. चार वाजेपर्यंत दुकानाचं शटर हातात धरवेना.

चिक्कू म्हातारा जेवणाच्या वेळीच परत आला होता. एकटाच. लोक त्याला विचारत होते, तुला कसं कळलं? तो म्हणे, शिट्टी झाली की. मोठी झाली.

मी सकाळपासून रेडिओशेजारी बसून सोल्डरिंग करत होतो; निवेदकाच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं, शिट्टीकडे होतं. शिट्टी झाली असती तर मला आधी कळली असती. म्हाताऱ्याला वाऱ्याचा वास आला असेल आणि आता ऐट मारतोय.

धाकटा अजून आत समुद्रात आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

बोटी येताहेत. कुणाची डोलकाठी मोडलेली, कुणाची केबिनच नाही. अजून तीन बोटींचा पत्ता नाही. धाकट्याच्या बोटीचाही.

धाकटी धक्क्यावर दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली आहे. हिने नेलेला चहा तिने हातात धरला आणि तसाच थंड केला. मला म्हणाली, "भावोजी, तुमची डबी आहे ना त्यांच्या बोटीवर? मग त्यांना वेळेवर कळलं असणार. कुठेतरी आडोशाला लागले असतील."

हो म्हटलं. मलाही तसंच वाटतं. डबी आहे. कळलं असणार.

१९ ऑक्टोबर, शनिवार

एक बोट सापडली, माणसांसकट. धाकट्याची नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

बोट मिळाली. उलटी. शोधायला गेलेल्यांनी ओढत आणली. तिच्यावर कोणी नव्हतं.

केबिनमधला रेडिओ मला आणून दिला. आत पाणी, वाळू. स्क्रूंवरचा लाल ठिपका मात्र तसाच. कुणी हात लावला नव्हता.

धाकट्याचा खलाशी एका फळकुटाला धरून वाचला. त्याला दवाखान्यात भेटलो. ओठ फुटलेले, बोलताना थांबत होता. रेडिओ सकाळपासून चालू होता म्हणे. मालक जाळ्यावर, तो इंजिनाशी. रेडिओवर कुणीतरी काहीतरी पुटपुटत होतं. पण शिट्टी झाली नाही. "शिट्टी झाली असती तर आम्ही जाळं कापून निघालो असतो. मालक कान तिकडेच ठेवून असायचे. मला म्हणायचे, दादाने रेडिओ केलाय, शिट्टी झाली की सांग."

बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. कुणीतरी पाणी घेऊन आलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

काय झालं ते सगळ्या बंदराला कळलं आहे. टेकडीवरच्या फसफशीने शिट्टी खाल्ली. आधी शब्द खाल्ले, आता शिट्टी. हवामानाचं स्टेशन सांगतं, आम्ही सकाळी दहा, अकरा आणि बारा, तिन्ही वेळा वाजवली. त्यांच्याकडे नोंद आहे. मग ती गेली कुठे? कुणी गिळली?

बर्फवाल्याने संघाची बैठक घेतली. त्याचा मेहुणाही न परतलेल्यांत आहे. चौकशी लागेल तेव्हा मुख्य साक्षीदार मी. तक्रारही मीच लिहायची. लिहिली. एकही खाडाखोड नाही. इंजिनियरबाईंचं नाव दोनदा आलं आहे. त्यांना सगळं माहीत होतं, त्यांनी माझ्यासमोर कबूल केलं होतं, हे खरंच आहे.

रागात माझं अक्षर चांगलं येतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

टेकडीवाल्यांनी डिजिटल बंद केलं. चौकशी होईपर्यंत. इंजिनियरबाईंना घरी बसवलं आहे. बर्फवाल्याने बातमी आणली तेव्हा दुकानात टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत, पण बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

रेडिओ लावला. काटा हवामानाच्या स्टेशनवर. फसफस गेली, म्हातारा स्वतः येऊन सांगून गेला. माझ्या सेटवर काही फरक वाटला नाही. माझ्या सेटवर ती आधीच नव्हती.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मन थाऱ्यावर नाही. चिक्कू म्हाताऱ्याचं बोलणं डोक्यातून जात नाही. त्याच्या सेटमध्ये फसफस भरलेली, आणि शिट्टी त्याला ऐकू आली. माझ्यात फसफस नाही, आणि मला नाही आली.

फसफस शिट्टी खाते, तर म्हाताऱ्याची का नाही खाल्ली?

हिला विचारलं. ती भांडी विसळत होती. म्हणाली, मला त्यातलं काय कळतं? मग नळ बंद करून म्हणाली, तो गोधडीतून बोलतो ना, तेवढं मला कळतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

हवामानाच्या स्टेशनने कळवलं आहे, उद्या सकाळी दहाला चाचणीची शिट्टी वाजवणार. सगळ्यांनी आपापले रेडिओ तपासून घ्यावेत. त्यानंतर टेकडीवर मोर्चा. मी पुढे चालायचं, असं ठरलं आहे.

गिऱ्हाइकाचा एक बिनडबीचा सेट दुकानात पडून आहे. तो पुसून टेबलावर ठेवला. माझ्या सेटच्या शेजारी.

२८ ऑक्टोबर, सोमवार

धाकटी मोर्चाला माझ्याबरोबर यायला म्हणून दुकानात आली होती. दहाला शिट्टी झाली. बिनडबीच्या सेटमधून ती अशी आली की तिने दोन्ही कान झाकले. मी तो सेट बंद केला. माझ्या सेटमधून काहीच नाही. आवाज होता तेवढा वाढवला. काहीच नाही. स्वच्छ शांतता. मग निवेदक बोलला आणि शब्द न् शब्द कळला — ही केवळ चाचणी होती.

बाहेरून बर्फवाला हाका मारत होता, चला डबीवाले, तुमच्यासाठी थांबलोत.

धाकटी दोन्ही सेटकडे पाहत होती. म्हणाली, "भावोजी, ह्यांच्या बोटीवर ह्यातला कुठला होता?"

मी डबीवाल्या सेटवर हात ठेवला.